पुढच्या खोलीतला निनावी पाहुणा

१

आक्का उंबऱ्यात पडलेली सापडली तेव्हा दाराची साखळी तिच्या मुठीत होती. साखळी न काढता दार किलकिलं करायचं, माणूस बघायचा आणि मगच बोलायचं, हा धडा त्या घरात येणाऱ्या प्रत्येक बाईकडून तिनं घोकून घेतलेला. तिनं स्वतः तो पाळलाही होता. साखळीच चौकटीतून स्क्रूसकट उपटून निघाली होती.

शेजाऱ्यांच्या लेखी ते भाडेकरू ठेवणाऱ्या एका वयस्कर बाईचं घर होतं. खरं म्हणजे नवऱ्याच्या मारातून जीव वाचवून आलेल्या बायकांना लपवून ठेवण्यासाठी एका संस्थेनं अशी काही घरं घेतली होती, आणि पाण्याच्या टाकीमागचं हे घर आक्का सांभाळायची. संस्थेचं ऑफिस लांब, भर बाजारात. पत्रं, फोन, वकील, नातेवाइकांच्या भेटीगाठी सगळं तिथेच व्हायचं. घरांचे पत्ते बायकांच्या आईबापांनासुद्धा सांगायचे नाहीत, असा दंडक होता. इतकी वर्षं एकाही नवऱ्याला माग लागला नव्हता, आणि आज सकाळी एक जण पत्ता विचारत न फिरता थेट त्या दारात येऊन उभा राहिला होता.

शंकाबाईला ही हकिगत संस्थेच्या संचालिकेनं सांगितली, तीही ऑफिसच्या जिन्यातच. शंकाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघायचं आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन तिसऱ्यांदा ओढायचं, या सवयीपायी ते नवऱ्यानं ठेवलेलं. पुढे तिच्या धंद्यालाही ते शोभलं. पोलिसांच्या संगणक शाखेतली नोकरी सोडून ती आता ऑफिसा-ऑफिसांतले संगणक तपासायची, कोण कुठून आत शिरतंय ते हुडकायची.

तो माणूस शिवणवालीचा नवरा होता. घरातल्या बायकांनी फोटोवरून त्याला ओळखलं. शिवणवाली म्हणजे संस्थेत आल्यापासून शिवणयंत्रावर बसून सगळ्यांचे फाटके कपडे नीट करून देणारी एक अबोल बाई. तिचं नशीब म्हणायचं की ती तिथे नव्हती. तिच्या खोलीचं छत गळायला लागलं म्हणून त्याच आठवड्यात तिला गिरणीजवळच्या दुसऱ्या घरात हलवलं होतं. नवऱ्याला ती सापडली नाही, आक्का सापडली. आक्का आता दवाखान्यात बेशुद्ध होती आणि तो फरार होता.

"पोलीस त्याला शोधतायत," संचालिका म्हणाली. "पण शिवणवाली आता आमच्याकडे राहायला तयार नाही. दुपारी तिचा मोठा भाऊ येऊन तिला स्वतःच्या घरी घेऊन जाणारे."

"भावाचं घर नवऱ्याला माहीत असेल की."

"तेच तर मी तिला सांगतेय. ती म्हणते, तुमचं गुपित घरही त्याला माहीत झालं, मग फरक काय? यावर मी काय बोलू? पत्ता कुणी फोडला ते मला सांगता आलं, तर ती थांबेल. नाही सांगता आलं तर ती जाईल, आणि तो तिला गाठेल."

फायली आणि पासवर्ड यांच्या भानगडी शंकाबाईनं पुष्कळ निस्तरल्या होत्या. त्यांच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा जीव टांगलेला नसायचा. तिनं एवढंच विचारलं की तो दारात आला तेव्हा नेमकं काय म्हणाला.

"दारू प्यायला असावा. कुणा भिंगरीला बाहेर काढा म्हणून ओरडत होता. आता त्या घरात भिंगरी नावाचं कुणीच नाही."

मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. दफ्तर सांभाळणाऱ्या मावशी चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या, आणि ते सगळे कप आता फरशीवर पडले होते.

"ते नाव," मावशी म्हणाल्या, "माझ्याशिवाय इथे कुणालाच माहीत नाही."

२

मावशींची पाचावर धारण बसली होती. त्यांना खुर्चीवर बसवून पाणी पाजल्यावर त्यांनी जे सांगितलं, त्यानं त्यांचाच पाय आणखी खोलात गेला.

दफ्तर म्हणजे एका अरुंद खोलीतलं कपाट आणि कपाटाशेजारी ठेवलेला जुना सर्व्हर. ऑफिसातल्या सगळ्या फायली त्याच्यात, आणि प्रिंटरलाही कागद पाठवायचा तो त्याच्यातूनच. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी दान दिलेलं ते यंत्र अजून घरघरत होतं. पूर्वी सगळ्या बायकांच्या फायली एकाच ठिकाणी असायच्या. मग संचालिकेनं नियम केला की प्रत्येकीची फाइल स्वतंत्र कुलपात ठेवायची, म्हणजे एकीचं काम करणाऱ्याला दुसरीचं काही दिसायला नको. मावशींनी तो नियम अक्षरशः पाळला. प्रत्येक बाईचा वेगळा कप्पा आणि प्रत्येक कप्प्याला वेगळी परवानगी. शिवणवालीच्या कप्प्याची परवानगी फक्त मावशींकडे होती.

"आणि भिंगरी?" शंकाबाईनं विचारलं.

"कप्प्याला काहीतरी नाव द्यावं लागतं ना. खरं नाव लिहायचं नाही म्हणून बाईंनी सांगितलेलं. मग आलेल्या प्रत्येकीला मी विचारते, लहानपणी तुला घरी लाडानं काय म्हणायचे? तेवढंच नाव आणि घराची खूण कप्प्यावर घालते. परक्या माणसानं वाचलं तरी त्याला काय कळणार? शिवणवालीनं भिंगरी सांगितलं. ते मी कुणापाशी बोलले नाही हो. माझ्या मुलाबाळांची आण."

ड्रायव्हरकाका मात्र दारात उभे राहून सगळं ऐकत होते आणि त्यांचा राग आवरत नव्हता. आक्का त्यांची मानलेली बहीण. कुंपणानंच शेत खाल्लंय, असं ते सकाळपासून ज्याला त्याला सांगत होते, पोलिसांनाही सांगून झालं होतं. शंकाबाईनं त्यांनाही बसवलं आणि विचारायला लागली. शिवणवालीला गिरणीजवळच्या घरी त्यांनीच नेलं होतं. सामान म्हणजे एक पिशवी आणि शिवणयंत्र. वाटेत कुणी पाठलाग केला नव्हता, त्यांनी आरशात तीनतीनदा बघितलं होतं. नवा पत्ता त्यांना, संचालिकेला आणि मावशींना ठाऊक होता, चौथ्या कुणाला नाही.

मग शंकाबाई त्या जुन्या सर्व्हरपुढे बसली. कुठला कप्पा कुणी कधी उघडला याची नोंद तो ठेवत होता, एवढं तरी बरं. शिवणवालीचा कप्पा उघडणाऱ्यांत एकच नाव होतं, मावशींचं. दुसऱ्या कुणी कुलपाला हातसुद्धा लावला नव्हता. बाकी नोंदींत पानंच्या पानं निनावी ये-जा दिसत होती, नाव नाही, पासवर्ड नाही, आत काही उघडलेलं नाही. पुढच्या खोलीत वकील वगैरे येऊन कागद छापतात त्याची ती असणार, असं मावशी म्हणाल्या, आणि शंकाबाईनं मान हलवून ती पानं पुढे सरकवली.

संचालिका दाराशी उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मावशीच," ती हळू आवाजात म्हणाली. सोळा आणे खरं वाटावं असंच ते होतं. नाव त्यांनाच ठाऊक, किल्ली त्यांच्याकडेच, कप्पा त्यांनीच उघडलेला. मावशींनी पदरात तोंड लपवलं होतं.

शंकाबाईचं मात्र कुठेतरी अडत होतं. तिनं मावशींना विचारलं, "शिवणवालीला हलवल्यावर तुम्ही फाइलमधला पत्ता बदललात?"

"त्याच दिवशी. फाइलीत बदलला. कप्प्यावरचं नाव तेवढं तसंच राहिलं. ते बदलायचं तर कप्पा मोडून नव्याने करावा लागतो, आणि ते मला जमत नाही."

"म्हणजे आत गिरणी, आणि बाहेर अजून टाकीच?"

मावशींनी मान डोलावली. शंकाबाई उठून उभी राहिली.

"बाई, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका," ती संचालिकेला म्हणाली. "मावशींनी पत्ता विकला असता तर नवा विकला असता. काकांनीही नवाच. फाइल वाचलेला प्रत्येक जण त्याला गिरणीपाशी पाठवेल. मग तो टाकीमागे का गेला?"

तिनं पडद्यावरच्या कप्प्याच्या नावावर बोट ठेवलं.

"कारण ज्यानं सांगितलं, त्यानं फाइल उघडलेलीच नाही. त्यानं फक्त कप्प्यावरची पाटी वाचली."

३

पाटी वाचायची तर सर्व्हरपर्यंत पोचायला हवं, आणि सर्व्हरपर्यंत पोचायचं तर नाव आणि पासवर्ड हवा, असं संचालिकेचं म्हणणं. ते बरोबर असतं तर पुन्हा तीनच माणसं उरत होती. शंकाबाईनं आपली पिशवी उचलली आणि ती ऑफिसच्या पुढच्या खोलीत गेली.

ही खोली बाहेरच्यांसाठी. भिंतीला लागून बाकडं, एक टेबल, टेबलावर प्रिंटर, आणि भिंतीतून निघालेली एक निळी वायर. वकील येत, वर्षातून एकदा हिशेब तपासणारे येत, बायकांचे नातेवाईक अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं घेऊन येत. लॅपटॉप आणला असेल तर ती वायर लावायची आणि कागद छापून घ्यायचा, कुणाला काही विचारायला नको. लोकांची सोय म्हणून ते पूर्वीपासून तसंच ठेवलेलं. लोकांची सोय बघितली तरच संस्थेला देणग्या मिळतात, असं संचालिका नेहमी म्हणायची.

शंकाबाईनं स्वतःचा लॅपटॉप काढला, वायर लावली. नाव दिलं नाही, पासवर्ड दिला नाही. एखादा पाहुणा करेल तेच तिनं केलं, म्हणजे प्रिंटर शोधायला म्हणून सर्व्हर उघडला.

प्रिंटर दिसला. आणि त्याच्याखाली, त्याच खिडकीत, एकाखाली एक नावं उलगडत गेली. बबडी, टाकीमागे सात. ठकी, शाळेसमोर तीन. भिंगरी, टाकीमागे सात. छकुली, बंधाऱ्यापाशी. सोनपरी, गिरणी, वरचा मजला. संस्थेनं ज्यांना ज्यांना लपवलं होतं त्या सगळ्या.

मागून वाचणारी संचालिका मटकन बाकड्यावर बसली. असं काहीतरी निघेल हे शंकाबाईला वाटलं होतं, तरी ती नावं तिला पुढे वाचवेनात, कारण बबडी काय नि छकुली काय, ज्या आईनं त्यांना ती हाक मारली असेल तिला स्वप्नातही वाटलं नसेल की ती हाक पुढे कुठे लिहिली जाणारे.

तिनं भिंगरीवर बोट ठेवून तो कप्पा उघडायला बघितला. सर्व्हरनं लगेच नकार दिला.

"बघितलंत? कुलपं पक्की आहेत," ती म्हणाली. "मावशींचं काही चुकलं नाही त्यात. पण हे जुनं यंत्र भारी भिडस्त. दारात कोण आलंय ते न विचारताच ते घरात काय काय आहे याचा पाढा वाचून दाखवतं. आत घेत नाही, पण सांगतं सगळं. नवी यंत्रं अशी बोलघेवडी नसतात. जुन्यांना मुद्दाम सांगावं लागतं की बाबा रे, नाव न सांगणाऱ्याशी बोलू नकोस. हे याला कधी कुणी सांगितलंच नाही."

"म्हणजे या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकानं..."

"बघितलं असेल. बहुतेकांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं असेल. वकिलांना प्रिंटरशी काम. त्यांच्या कागदांवर बायकांची खरी नावं असतात, बबडी आणि छकुलीशी त्यांना काय घेणं?"

ती तडक दफ्तरात गेली आणि सर्व्हरपुढे बसली. ज्याचं नाव नाही त्याला यादी द्यायची नाही, कप्प्यांची नाही आणि सर्व्हर वापरणाऱ्या माणसांचीही नाही, असं तिनं त्याला बजावलं, बंद करून पुन्हा चालू केलं, आणि पुढच्या खोलीत येऊन परत करून बघितलं. आता सर्व्हर आधी नाव विचारत होता, पासवर्ड विचारत होता, आणि ते दिल्याशिवाय ढिम्म काही दाखवत नव्हता. प्रिंटरसुद्धा नाही.

वकीलसाहेब आरडाओरडा करतील, असं मावशी डोळे पुसत म्हणाल्या. करू देत, असं शंकाबाईनं सांगितलं. जी गोष्ट करायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही, ती इतक्या वर्षांत कुणाला सुचली नाही याचा तिला खरं तर संताप आला होता. पण तो काढायचा कुणावर? इथल्या माणसांनी आपल्या परीनं जिवापाड काळजी घेतली होती.

आणि मग मावशींचं मघाचं वाक्य तिला आठवलं. परक्या माणसानं वाचलं तरी त्याला काय कळणार. खरंच होतं. परक्याला काहीच कळलं नसतं.

तेवढ्यात संचालिकेचा फोन वाजला. शिवणवालीचा भाऊ निघाला होता. तो लवकर पोचणार होता.

४

शिवणवाली आतल्या खोलीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी काकांनीच तिला गिरणीजवळून इथे आणून सोडलं होतं. शंकाबाई तिच्यासमोर बसली आणि इकडचं तिकडचं विचारत राहिली. आक्का कशी आहे, हेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. माझ्या जागी तिला लागलं, असं म्हणत पिशवीचे बंद आवळत होती.

"भिंगरी कोण म्हणायचं तुम्हाला?"

पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "दादा. आई गेल्यावर त्यानंच मला वाढवलं. मी अंगणात चक्कर येईस्तोवर गरगर फिरायचे, म्हणून भिंगरी. दुसरं कुणी नाही म्हणायचं. माझ्या लग्नानंतर त्यानंही बंद केलं, म्हणाला, आता तू मोठी झालीस, नवऱ्यासमोर बरं नाही दिसत."

"म्हणजे तुमच्या नवऱ्याला ते नाव माहीत नव्हतं?"

"नसावं. का हो?"

तो सकाळी काय ओरडत होता हे तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. शंकाबाईनं उत्तर द्यायचं टाळलं. शिवणवाली आपल्याच नादात बोलत राहिली. मावशींनी नाव विचारलं तेव्हा तिला इतकं बरं वाटलं होतं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी ते लिहून घेत होतं. दादा तिला भेटायला इथे आला, पुढच्या खोलीत बसून तिचा पोटगीचा अर्ज त्यानं स्वतः टाइप केला, स्वतः छापला. दादा शाळेत शिकवतो, त्याला असलं सगळं येतं. दादा नसता तर ती केव्हाच संपली असती.

शंकाबाईला तिथे बसवेना. आता कोडं सुटलं होतं, आणि ते सुटल्याचा तिला एरवी व्हायचा तसला आनंद जरासुद्धा झाला नाही. पाटी वाचणारा निनावी पाहुणा हवा होता. भिंगरी म्हणजे कोण हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. आणि तिला टाकीमागून हलवल्याचं त्याला ठाऊक असता कामा नये. या तिन्हींत बसणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते तिला न्यायला वाटेवर होतं. परक्यांपासून लपवायला म्हणून मावशींनी जे नाव घातलं, ते फक्त घरच्यांनाच वाचता येणारं होतं. आणि या बायका पळून आल्या होत्या त्या घरातूनच.

पण हे हिला सांगायचं कसं? नुसता तर्क सांगितला तर ही बाई दादाचाच हात धरून निघून जाईल, आणि आपल्याला वेड्यात काढेल. त्यात तिची तरी काय चूक? शंकाबाईला कळून चुकलं की हे दादाच्या तोंडूनच यायला हवं.

"तुम्ही थोडा वेळ या दाराच्या आत उभ्या राहाल?" तिनं विचारलं. "मी पुढच्या खोलीत दादांशी बोलणार आहे. मध्ये बोलू नका. नंतर तुम्हाला जायचं असेल तर मी अडवणार नाही."

५

दादा पन्नाशीला टेकलेला, सौम्य चेहऱ्याचा माणूस होता. आल्याआल्या त्यानं आक्काची चौकशी केली. बहिणीला घेऊन जायचं तर संस्थेला हमीपत्र द्यावं लागतं, ते तो घरून टाइप करून आला होता, नुसतं छापायचं राहिलं होतं. संचालिकेनं त्याला टेबल दाखवलं. त्यानं सवयीनं लॅपटॉप उघडला, निळी वायर लावली, आणि थोड्या वेळानं कपाळाला आठ्या घातल्या.

"नाव आणि पासवर्ड मागतोय हा."

शंकाबाई बाकड्यावर बसली होती. "मागच्या वेळी मागितला होता?"

"छे. मागच्या वेळी उघडलं की प्रिंटर समोर हजर. प्रिंटर आणि ती बाकीची सगळी..." तो थांबला.

"बाकीची काय, दादा?"

"काही नाही. फायली असतील ऑफिसच्या. मी काही लक्ष दिलं नाही."

"एका फायलीकडे दिलंत. भिंगरी, टाकीमागे सात."

लॅपटॉपचं झाकण दादानं हळूच मिटलं.

शंकाबाईनं आवाज चढवला नाही. ती म्हणाली, "आज सकाळी तिचा नवरा त्या दारात उभा राहून भिंगरीला बाहेर काढा म्हणून ओरडत होता. त्याला ते नाव कधीच माहीत नव्हतं. आक्का अजून शुद्धीवर आलेली नाही. डोक्याला मार आहे."

"मार कसला? त्यानं मारलं नाही तिला. दार ढकलताना ती पडली, असं म्हणाला तो."

आपण काय बोललो हे दादाला सगळ्यांत उशिरा कळलं.

"केव्हा म्हणाला?" संचालिकेनं विचारलं. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "सकाळपासून पोलीस त्याला शोधतायत. तुम्हाला तो केव्हा भेटला?"

दादानं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मग तो बोलायला लागला आणि थांबेना. महिनाभर तिचा नवरा रोज येऊन त्याच्या पाया पडत होता. लहान पोरासारखा रडायचा. एकदा बोलू द्या, एकदाच माफी मागू द्या, म्हणायचा. दादालाही वाटायचं, बहिणीचा संसार असा मोडू नये, लोक काय म्हणतील, आपण गेल्यावर तिला कोण. पत्ता शोधायला दादा इथे आला नव्हता, देवाशपथ आला नव्हता. प्रिंटर शोधताना ते नाव समोर आलं. त्या नावानं तिला दुसरं कुणी हाक मारत नाही. घरी गेला आणि नवरा पुन्हा दारात बसलेला होता. तिथे तिला भिंगरी म्हणत असतील असं वाटून दादानं नाव आणि पत्ता दोन्ही त्याला सांगून टाकलं.

"आता तो कुठाय?" शंकाबाईनं विचारलं.

"माझ्या घरी. जेवलासुद्धा नाही. म्हणाला, तुम्ही तिला घेऊन या, मी सगळ्यांसमोर कान धरतो. मला वाटलं, दोघं समोरासमोर बसले तर घरातलं घरात मिटेल."

संचालिका फोन घेऊन बाहेर धावली. ड्रायव्हरकाका भिंतीला टेकले आणि मावशींकडे बघून त्यांनी मान खाली घातली. आणखी एक कागद, आणखी एक सही, आणि ही बाई पिशवी घेऊन सरळ त्या घरात चालत गेली असती, स्वतःच्या पायांनी, सगळ्यांत सुरक्षित जागी निघाले असं समजून.

आतलं दार उघडलं. शिवणवाली पुढे आली आणि भावासमोर उभी राहिली. ती रडत नव्हती. शंकाबाईला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

"माझं मनगट मोडलं तेव्हा मला दवाखान्यात कोण घेऊन गेलं होतं, दादा?"

दादा मिटलेल्या लॅपटॉपवरून हात फिरवत राहिला.

"तू नेलंस. जिन्यावरून पडली म्हणून डॉक्टरांना तूच सांगितलंस. मला वाटलं, माझी लाज राखतोयस."

"मला वाटलं तो सुधारलाय. तुझ्या भल्यासाठीच ना गं. तुझं वाईट मी कधी..."

"माहितीये मला," ती म्हणाली. "तू माझं वाईट कधीच चिंतलं नाहीस. त्याचीच भीती वाटते आता."

बाहेरून संचालिका परत आली. पोलीस दादाच्या घराकडे निघाले होते. मावशींनी पुढे होऊन शिवणवालीच्या खांद्यावर हात ठेवला, पुन्हा काढला, काय करावं ते त्यांना सुचेना. शेवटी शिवणवालीनंच त्यांचा हात धरला. शंकाबाईला तिनं नुसती मान हलवून सांगितलं की ती थांबणार आहे.

दादा उठला. तो एकाएकी म्हातारा दिसायला लागला होता. वायर काढायची त्याला आठवण राहिली नाही, लॅपटॉप उचलताना ती ताणली गेली आणि मग सुटून खाली पडली. दारापाशी जाऊन तो वळला.

"मग तू राहणार कुठे?" त्यानं विचारलं. "मी तुला भेटायचं कुठे, भिंगरी?"

लहानपणापासून दादानं काही विचारलं आणि तिनं सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं. उत्तर तिला माहीत होतं. तिनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, आणि दिलं नाही.